चढाला उतरायचं

भोरच्या एसटी स्टँडमागे हनुमंताचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. नाव हनुमंत आणि काळीज सशाचं, असं त्याची बायको अंजना चारचौघांत म्हणते, आणि तोही मान हलवतो. आभाळात जरा गडगडलं की हा टीव्हीची पिन काढून ठेवतो आणि सगळ्यांना खिडकीपासून लांब बसवतो. जन्म सायकलींत गेला, पण चढ दिसला की स्वतः खाली उतरून सायकल हाताने ढकलत नेतो. दुरुस्त झालेली सायकल गिऱ्हाइकाच्या हाती देताना त्याचं एकच सांगणं असतं, चढाला उतरायचं. लोक ऐकल्यासारखं करतात आणि निघून जातात.

असल्या माणसाच्या पोटी शेफाली जन्माला आली. ती नर्स झाली आणि हिर्डोशीकडे नोकरीला लागली. वाड्या डोंगरात विखुरलेल्या, एसटी आली तर आली, नाहीतर चाला. आठवडाभर ती तिथेच खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी येऊन पाय शेकत बसायची. एकदा कापूरहोळच्या ढाब्यामागे तिला एक जुनी रेसिंग सायकल दिसली. कुणी पुण्याचा गडी गिअर मोडले म्हणून तिथेच सोडून गेला होता. ढाबेवाल्याला अडगळच झाली होती. शेफालीने ती टेम्पोत घालून बापापुढे आणून उभी केली.

"आप्पा, ह्ये गिअर काढून टाका आन् साधी करून द्या मला."

"त्या घाटात सायकल? न्हाई."

"मग मी मोटारसायकल घेते."

हनुमंताने पाना उचलला.

काम त्याने जीव लावून केलं. मोडके गिअर, त्यांच्या तारा, मागच्या चकत्यांचा ढीग, सगळं उतरवलं. मागे एकच चकती बसवली. ब्रेक नवे घातले आणि पुन्हा पुन्हा दाबून पाहिले. चेन मात्र तीच ठेवली, कारण परदेशी होती, बारीक आणि चकचकीत, आणि तिला हात लावतानाच त्याला उगाच भारी वाटत होतं. गिअर गेल्यावर ती लांब झाली म्हणून तोडून आखूड केली. साध्या काळ्या सायकलींच्या जाड चेनची पिन ठोकून बाहेर काढायची आणि तीच पुन्हा आत ठोकायची, हे तो जन्मभर करत आला होता. इथेही त्याने तेच केलं.

सोमवारी सकाळी शेफाली सायकलसकट दुधाच्या टेम्पोत बसून हिर्डोशीला गेली. जाताना हनुमंताने आपलं नेहमीचं वाक्य तिलाही ऐकवलं. ती हसली.

दुपारी दुकान झाडताना चेनचा उरलेला तुकडा त्याच्या हाताला लागला. सहज चाळा म्हणून त्याने त्याची एक पिन बाहेर ठोकली, पुन्हा आत बसवली आणि तुकडा बोटांत आडवा वाकवला. कडी अलगद उघडली. त्याने दुसरी पिन तशीच काढून बसवली. तीही सुटली. पिनच्या टोकाला नाजूक कड होती, ती पहिल्याच ठोक्याला मोडत होती. जाड चेनला जे खपतं ते हिला खपत नव्हतं.

हनुमंताच्या डोळ्यांपुढे घाट उभा राहिला. उभं राहून पायडल मारणारी लेक, खटकन तुटणारी चेन, आणि कडेला दरी. त्याने फोन लावला. लागेना. हिर्डोशीच्या वाटेवरच्या धरणापुढे रेंज नाही हे ठाऊक असूनही तो लावत राहिला.

शेजारी पप्पूची चहाची टपरी होती. त्याच्या मोटारसायकलवर हनुमंत एकदाच बसला होता आणि पुन्हा बसणार नाही अशी त्याने शपथ घेतली होती. आज तो टपरीपुढे जाऊन उभा राहिला. "हिर्डोशीला चल, आत्ता," तो म्हणाला. पप्पूने त्याचा चेहरा पाहिला आणि गॅस बंद केला.

वाटेत हनुमंताने डोळे मिटले, पण मिटल्यावर जास्तच दिसायला लागलं म्हणून उघडले. समोरून ट्रक आला की पप्पू सवयीने गाडी हळू करी.

"पळव," हनुमंत म्हणाला. "पळव रं बाबा."

हिर्डोशीत कळलं, सिस्टर वरच्या वाडीला गेल्या. पुढे चढ सुरू झाला. तिसऱ्या वळणावर दरीच्या अंगाला सायकल आडवी पडलेली दिसली. जवळ कुणी नव्हतं. हनुमंत गाडीवरून उतरला. कठड्यापर्यंत जाऊन खाली बघायचं त्याचं धाडस झालं नाही. तो रस्त्याच्या मधोमधच थांबला.

"आप्पा?"

शेफाली पलीकडच्या घरातून पिशवी घेऊन बाहेर येत होती. "वाऱ्यानं पडली वाटतं सायकल. तुमी कसं काय हितं?"

हनुमंत सायकलीकडे धावला. त्याने सायकल उभी केली, मागचा ब्रेक आवळून धरला आणि पायडलवर सगळा भार टाकला. चेन तुटून रस्त्यावर पडली.

शेफालीने ती उचलून पाहिली.

"मी सायकल ढकलत आले वर," ती हळू म्हणाली. "म्हनलं, पयलाच दिवस हाय, आज आप्पाचं ऐकावं. उद्यापास्नं बसूनच चढणार हुते."

"माजी चूक हाय, पोरी. ती पिन म्या ठोकली," हनुमंत म्हणाला आणि कठड्यावर बसून रडला. ती त्याच्या शेजारी बसली. पप्पू उगाच टायर बघत राहिला.

शेवटी तिने विचारलं, "दुसरी चेन बसंल का हिला?"

हनुमंताने दरीकडे पाहिलं. नाही म्हटलं की सुटला. सायकलीच्या बाबतीत लेकीने त्याच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती, आणि आज तर घेतलीच नसती. वाडीकडे जाणारा रस्ता वर झाडांत शिरत होता, आणि शेफालीच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता.

"बसंल," तो म्हणाला. "काळ्या सायकलीची जाड चेन बसंल. रविवारी बसवून दीन."

मग उठून पप्पूच्या मागे बसला आणि त्याच्या खांद्याला घट्ट धरून म्हणाला, "जाताना मात्र हळू."