तानुबाईचं काळीज ऐकताना

तानुबाई लग्न होऊन नरडाण्याजवळच्या एका खेड्यात आली, तेव्हा सोळा वर्षांची होती. लहानपणी तिला सांधे सुजून मोठा ताप आला होता. ताप उतरला आणि घरचे तो विसरूनही गेले. पण सासरी विहिरीवरून भरलेला हंडा घेऊन निघाली की ती वाटेत दोनदा तरी थांबायची. जात्यावर बसली की थोड्याच वेळात तिचा हात सुटायचा आणि ती छाती धरून बसायची.

"नाटकं करस हाई," सासू भिकुबाई शेजारणींना सांगायची. "दळाले बसाडं का हिले दम लागस."

ऐकून ऐकून तानुबाईलाही ते खरं वाटू लागलं. बाकीच्या बायकांना जमतं ते आपल्याला जमत नाही, म्हणजे आपणच आळशी, असं तिने मनाशी धरलं होतं.

सन अडतीसच्या हिवाळ्यात तिला पाचवा महिना लागला. पाय सुजले. आडवं झालं की गुदमरायला व्हायचं, म्हणून ती कपाशीच्या गाठोड्याला टेकून बसूनच झोपायची. तिचा नवरा कौतिक अबोल माणूस. त्याने एका सकाळी आईला न विचारता गाडी जुंपली, तिला नरडाण्याला आणलं आणि तिथून मोटारीने धुळ्याच्या दवाखान्यात.

त्या दवाखान्यात काही मुली नर्सचं काम शिकत होत्या. त्यांना शिकवणाऱ्या सिस्टर सुगंधाबाई कडक होत्या, पण घाईच्या नव्हत्या. डॉक्टरांनी तानुबाईला तपासलं आणि सांगितलं, की लहानपणच्या त्या तापाने हृदयाची एक झडप आखडली आहे. बाळंतपणापर्यंत हिने इथेच राहायचं, उशांना टेकून, बिनमिठाचं खायचं आणि कसलंही काम करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई मुलींना घेऊन खाटेपाशी आल्या. तानुबाईने पदर घट्ट आवळला.

"या मुलींना तुझं हृदय ऐकायचंय. तू हो म्हणालीस तरच," त्या म्हणाल्या.

तानुबाईला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. तिने मान हलवली. कुंदा नावाच्या मुलीने पडदा ओढला, स्टेथोस्कोपच्या नळीचं थंड टोक तळहातावर चोळून ऊन केलं आणि मगच ते डाव्या स्तनाखाली, बरगड्यांच्या मधे टेकवलं.

"काय ऐकू येतंय?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"पहिला ठोका मोठा, मग दुसरा. आणि त्यानंतर... काहीतरी गुरगुरतंय."

"बरोबर. वरच्या कप्प्यातून रक्त खाली उतरतं, ती झडप बंद होताना पहिला ठोका. रक्त बाहेर जाण्याच्या वाटेवरची झडप मिटते, तो दुसरा. मग वरची झडप पुन्हा उघडायला हवी. हिची पुरती उघडत नाही. अरुंद फटीतून रक्त रेटून जातं, त्याची ती गुरगुर. मागे तुंबलेलं रक्त फुप्फुसात साचतं, म्हणून दम."

तानुबाई ऐकत होती. तिने हळूच विचारलं, "म्हंजे मी आळशी नही शे?"

कुंदाने नाही म्हणून मान हलवली. तानुबाई भिंतीकडे तोंड करून रडली, आणि कुंदा तिच्या मनगटावर बोट ठेवून तशीच बसून राहिली.

आठवड्याने भिकुबाई आली. कापूस वेचणीला आला होता आणि घरात माणूस नव्हतं. "लई झाया आराम. चाल घर," ती खाटेपाशी उभी राहून म्हणाली.

कुंदाने हातातली नळी उचलून दाखवत सुगंधाबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकार दिला, तानुबाईनेही.

"आक्का, आधी तुमचं स्वतःचं ऐका," म्हणत कुंदाने नळी भिकुबाईच्या कानात घातली आणि टोक तिच्याच छातीला लावलं. म्हातारी चमकली. मग मन लावून ऐकू लागली. थोड्या वेळाने कुंदाने टोक सुनेच्या छातीवर ठेवलं. भिकुबाईचे डोळे हळूहळू मिटले.

"मनं तं सरळ ठकठक करस," ती म्हणाली. "हिना मझार जातं फिरी ऱ्हायनं."

सुनेच्या छातीत तिला जात्याची घरघर ऐकू आली होती. सुनेचे सुजलेले पाय तिने एकदा हाताने चाचपले आणि एकटीच मोटारीने परत गेली. पुढच्या बाजारच्या दिवशी आली, तेव्हा फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं, मीठ न घातलेलं. सुनेला एकटीने अळणी खायला नको म्हणून तीही तेच जेवली, तोंड वाकडं करत.

बाळंतपण सोपं गेलं नाही. तानुबाईला कळा रेटायला लागू नयेत म्हणून डॉक्टरांनी चिमट्याने मूल काढलं. मुलगी होती. त्यानंतरच खरी भीती होती. तानुबाईचे ओठ निळे पडले, श्वासात बुडबुडे वाजू लागले. कुंदा तिला पाठीला आधार देऊन बसवून होती आणि नळीतून ठोके मोजून डॉक्टरांना सांगत होती. दुपारी ठोके सावकाश झाले. तानुबाईने डोळे उघडून विचारलं, "काय व्हयनं?"

"आंडेर," उशाशी बसलेली भिकुबाई म्हणाली. "तुनासारखी नाकवाली."

दुसरं मूल होऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. भाऊबंद कौतिकला दुसऱ्या बायकोबद्दल सुचवू लागले. त्यांना भिकुबाईने ओट्यावरूनच परत पाठवलं. घरचं दळण ती आता स्वतः दळायची, आणि पुढे गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा पहिली पाटी तिचीच गेली.

तानुबाईचा दम पूर्ण गेला नाही. पण पावलं बेतून टाकत तिने संसार केला, निंदणीला बांधावर बसून बायकांना चहा पाजला, मुलीला शाळेत घातलं. नव्या मुली शिकायला आल्या की सुगंधाबाई निरोप धाडायच्या आणि ती आपलं हृदय त्यांना ऐकवायला धुळ्याला जायची.

सन सत्तेचाळीसमध्ये मुलींना शिकवायला कुंदाच होती. एका नवख्या मुलीला ती गुरगुर काही केल्या सापडेना. ती रडवेली झाली.

"घाई नको करू, बेटा," तानुबाई म्हणाली आणि गुरगुर नीट ऐकू यावी म्हणून डाव्या कुशीवर वळली. "मी आठेच शे, कोठे जास नही."

मुलीने पुन्हा नळी टेकवली आणि श्वास धरून ऐकत राहिली. मग तिचा चेहरा खुलला.