कोरड्या विहिरीतले मल्लप्पामामा

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सोलापुरातल्या आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. मंद्रूपकडचा एक माणूस दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "मल्लप्पाअण्णा गेले. हिरीत बसल्या बसल्या." हेडबाईंना वाटलं, विहिरीत पडले. मला खरं काय ते कळलं...

मल्लप्पामामा माझ्या आईचे धाकटे भाऊ आणि त्या भागातले नावाजलेले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालायचे. नारळ उभा राहिला की तिथं टाच मारून म्हणायचे, "खणा. मल्लप्पा बोलला म्हंजी पाणी लागलंच." आणि लागायचंही. आम्ही लिंगायत; त्यांच्याही गळ्यात इष्टलिंग होतं, पण पूजेला बसायला सवड नसे. मामी कुरकुरल्या की हसायचे, "माझ्या हातातच द्येव हाय की!"

बाहत्तरच्या दुष्काळात शेजारच्या गुरप्पानं त्यांच्या शब्दावर विहीर खणली. चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला, थेंबभर ओल नाही. गुरप्पाची जनावरं एकेक करून गेली. तो मामांना एका शब्दानं बोलला नाही आणि मामांना तेच सोसलं नाही. त्यानंतर नारळ त्यांच्या हातावर नुसता पडून राही. मामा जेवेनात, कुणाशी बोलेनात.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गेले तेव्हा मामी म्हणाल्या, "रोज दुपारी त्या हिरीत उतरून बसत्यात. तू तरी बोलाव जा." रानात पाखरूही नव्हतं. मी काठावरून वाकून पाहिलं. मामा तळाशी, कपाळ खडकाला टेकून बसले होते. आणि मला स्पष्ट ऐकू आलं... खाली कुठंतरी पाणी वाहत होतं. संथ, खोल, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं.

"मामा, पाणी लागलं?"

ते दचकले. "न्हाई गं. कोरडीच हाय."

"मग हा आवाज?"

मामांनी मान वर केली. "तुला बी आला?" "मला वाटलं, माझंच डोस्कं फिरलं."

मामा कडेच्या खाचांत पाय रोवत वर आले, आणि किती तरी दिवसांनी त्यांनी भाकरी मागून घेतली.

पुढं त्यांनी नारळ हातात धरला नाही. गुरप्पाच्या घरी मात्र ते पहाटे उठून लांबून कावडीनं पाणी आणून घालत. साठीला टेकलेला माणूस, पण चेहऱ्यावर थकवा दिसत नसे. हे बळ येतं कुठून, असं मी एकदा विचारलं. ते लाजल्यासारखे म्हणाले, "खाली जाऊन म्हंतो, मला काय बी कळत न्हाय, तू हाईस का हितं? उत्तर येत न्हाय. पन वर येताना अंग लई हलकं असतंय." कुणी पाण्याची जागा विचारायला आलं की हात जोडत, "मला ठाव न्हाय बाबा."

वर्षं गेली, पण दुपारी विहिरीत उतरणं सुटलं नाही. शेवटीही ते तसेच सापडले, कपाळ टेकलेले. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. जागा त्यांनी मामीला आधीच सांगून ठेवली होती, गुरप्पाच्या बांधालगतची. छातीइतकं खणून झालं आणि खणणाऱ्यांचे हात थांबले. माती ओली होती. आणखी दोन-चार घाव घातले, तर खड्ड्याच्या तळाशी पाणी जमू लागलं... शेजारी मामांना बसवून ठेवलेलं. भर दुपार.

गुरप्पा खड्ड्याच्या काठाशी आला. "वहिनी, अण्णाला ठाव हुतं काय हे?"

"न्हाई," मामी म्हणाल्या. "ठाव असतं तर तुमास्नी सांगितल्याबिगर ऱ्हायले असते का?"

मग त्यांनी डोळे पुसले आणि पदर खोचला. "हे पाणी गुरप्पाचं. ह्यांच्यासाठी पलीकडं खणा."

चार हातांवर दुसरा खड्डा घेतला. ती माती पार तळापर्यंत कोरडी निघाली. मामांना आम्ही तिथं बसवलं.