खोलीतला स्पिरिटचा वास

“फुप्फुसाचा टीबी आहे,” एक्स-रे खिडकीकडे धरून डॉक्टर म्हणाले. “पूर्ण बरा होतो. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि दारूला शिवायचं नाही, लिव्हरवर आधीच ताण येतो.” दारूचं मी हसण्यावारी नेलं. शेजारी बसलेल्या आईने नेलं नाही. बाबा दारूपायीच गेले होते.

गावी, कुडव्याला परतताना आई स्कूटीवर मागे बसली, पण खांद्यावर हात ठेवला नाही. घरात वहिनीचं तान्हं बाळ होतं. मला रस्त्याकडची खोली मिळाली, ताट उंबऱ्याशी येऊ लागलं. यात कुणाचं चुकलं नव्हतं, तरी फार लागायचं. मित्र फोनवर “कैसा है भाई” विचारायचे आणि लगेच त्यांना काम आठवायचं.

मग मी मार्कर मागवले, स्पिरिटच्या शाईचे. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. आधी फिकट रंग, त्यावर गडद, आणि ओलं असतानाच कडेवरून पुन्हा फिकट फिरवला की मधली रेघ विरघळते. डोळ्यातली चमक रंगवायची नसते, तिथे कागद कोरा सोडायचा. हे हाताला जमायला बरेच दिवस गेले. माझ्याकडे दिवसच दिवस होते.

माणसं काढावीशी वाटेनात. जगात नसलेले प्राणी जुळवू लागलो. सारसाचे पाय, सायाळीचे काटे, रेड्याची शिंगं. त्यातला प्रत्येक प्राणी कुठे राहतो, कशाला भितो, हे ठरवायचं आणि मग रंगवायचं. त्यांच्याशी बोलायचोही. तुमच्यावर ही वेळ आली तर असं बोलताना स्वतःला वेडं समजू नका.

दोन महिन्यांनी स्पुटम, म्हणजे बेडक्याची तपासणी, निगेटिव्ह आली. “आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही, घरात मिसळा,” डॉक्टर म्हणाले. मी घरी सांगितलं. तरी ताट उंबऱ्याशीच येत राहिलं, आणि मीही हट्टाने काही विचारलं नाही. आई आता कधीच जवळ येणार नाही, ही भीती टीबीहून मोठी झाली.

एका दुपारी उन्हाच्या झळा लागतात म्हणून खिडकी लावून रंगवत होतो. दार धाडकन उघडून आई थेट आत आली.

“दारू पिऊन राह्यला का रे? गोळ्या चालू हायेत ना तुह्या! बापासारखं मराचं हाय का तुले?”

तिने माझं तोंड हुंगलं. मग गादी उलटली, उशा झटकल्या. मी मार्कर तिच्या नाकाशी धरला. वास ओळखून ती खाली बसली.

“कायले नाही सांगितलं?”

“कोणाला सांगू?”

ती विखुरलेली चित्रं एकेक करून उचलू लागली.

“यायले तोंडंच नाही काढले तू. एकालेबी नाही. खातेत कसे हे?”

मी पाहिलं. खरंच, प्रत्येकाचा चेहरा नाकाखाली सपाट संपत होता. माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मला रडू फुटलं.

“बाळाचं भेव होतं रे,” आई म्हणाली. “मंग तसंच अंगवळनी पडलं. आत यायची हिंमतच नाही झाली.”

मी बरा झालो त्याला आता वर्षं झाली. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून माणसं आपोआप परत येत नाहीत, त्यांना हाक मारावी लागते, हे मला आईच्या संशयाने शिकवलं.

त्या दुपारी ती उठून गेली नाही. पहिल्याच कागदावर बोट टेकवून म्हणाली, “याले आता तोंड काढ. मोठं काढ.”