डावी ओळ

एवेलियो बार्बोसाला पुएर्तो अल्मेन्द्रोतली माणसं भित्री भागूबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, तिकीट काढून त्याच्याच विमानात बसतात आणि उतरल्यावर पुन्हा म्हणतात. कारण काय, तर धावपट्टी जराशी मनासारखी दिसली नाही की हा माणूस उतरता उतरता विमानाचं नाक वर करतो आणि आणखी एक फेरी मारून येतो. एकदा पट्टीवर गाय होती म्हणून. एकदा गाय असेल असं वाटलं म्हणून. त्या फेरीत कोणाच्या तरी मांडीवरची कोंबडी सुटून विमानभर फडफडली, ते लोक अजून लग्नाकार्यात रंगवून सांगतात. एवेलियो स्वतःही हसतो.

मी नूबिया. विमानतळावर रेडिओपाशी बसते. विमानतळ म्हणजे तरी काय, एक खोली, एक धावपट्टी आणि तिच्या दोन्ही कडांना दिव्यांची एकेक ओळ. दिवे माझ्यासारखेच थकलेले. पांढरे म्हणून आणले होते, आता पिवळे जळतात. पट्टीच्या डाव्या अंगाला नाला, नाल्यापलीकडे कुंपण आणि कुंपणाला लागून आमची गल्ली. तिथंच एवेलियोची आई राहते, दोन्या एतेल्विना, म्हणजे एतेल्विनाबाई. बाई जिभेने तिखट आणि पोरावर जीव टाकणारी.

डिसेंबरच्या सात तारखेला आम्ही मेरीमातेसाठी दारात मेणबत्त्या लावतो. प्रत्येक मेणबत्तीपाशी एक मागणं मागायचं आणि ती आपोआप विझेपर्यंत तिला हात लावायचा नाही. मध्येच फुंकली तर मागणंही गेलं. यंदा गल्लीला नवं डांबर पडलं होतं आणि चर्चने सगळ्यात देखण्या गल्लीला बक्षीस ठेवलं होतं. झालं, दोन्या एतेल्विनाच्या अंगात आलं. सुतळी ताणून तिने अख्ख्या गल्लीचे, आत मेणबत्ती ठेवलेले कागदी कंदील कुंपणाच्या कडेने एका रेषेत मांडून घेतले. कोणाचा कंदील बोटभर सरकला तरी खेकसायची. पोराला वरून दिसलं पाहिजे, म्हणायची.

त्याच दुपारी वीज कडाडली आणि धावपट्टीची डावी ओळ मेली. आमचा वायरमन तिबेर्यो चिखलात ओणवा होऊन तारा चाचपत बसला. एवेलियोचं विमान उशिरा सुटलेलं, भरलेलं, आणि इकडे दिवेलागण होत आलेली. मी रेडिओवर सांगितलं की डावी ओळ बंद आहे, दिसेल ती उजवी. त्याने डोंगरापायथ्याच्या मोठ्या विमानतळाचं विचारलं. तिथे मुसळधार पावसाने सगळं बंद होतं. मग येतो म्हणाला.

थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, चांगला खुशीतला. "डावी ओळ लागली की, नूबिया! तिबेर्योला सांग, आज बिअर माझ्याकडून."

मी खिडकीतून पाहिलं. डावी ओळ मिट्ट काळी. तिबेर्यो अजून ओणवाच. आणि त्याच्या मागे, नाल्यापलीकडे, गल्लीतले कंदील, पिवळे, एका रेषेत. हा बाबा कंदिलांना पट्टीची डावी कड समजून दोन ओळींच्या मधोमध उतरायला निघाला होता. म्हणजे थेट नाल्यावर.

"एवेलियो, ती तुझ्या आईची ओळ आहे. वर जा."

दुसरा कोणी असता तर काय म्हणालीस म्हणून विचारत बसला असता. भागूबाईने विचारलं नाही. विमान गरजत तिबेर्योच्या डोक्यावरून वर गेलं आणि तो चिखलात उताणा पडला.

नंतर एवेलियो हळू आवाजात बोलला. इंधन आणखी एका फेरीपुरतं होतं. आता कंदील कुठले ते कळलं होतं, तरी डोळे ऐकत नव्हते, पुन्हा पुन्हा त्या दोन ओळींची जोडी लावत होते. "ती ओळ विझवून दे, नूबिया. आईला सांग."

मला आईला सांग म्हणे! मी देवाला सांगितलं असतं एक वेळ. फोन लावला. दोन्या एतेल्विना हसतच बोलली, पोराने आपले कंदील पाहूनच गिरकी घेतली असं तिला वाटलं होतं. मी म्हटलं, सगळे कंदील विझवा, आत्ताच्या आत्ता. ती भडकली. पेटलेली मेणबत्ती फुंकायची? तुझ्या घरात फुंक, माझ्या दारात नाही.

"तुमची ओळ धरून तो नाल्यात उतरत होता," मी म्हटलं. "त्याच्याकडे आता एकच फेरी आहे."

ती म्हणाली, "पहिली मेणबत्ती त्याचीच आहे गं, तो सुखरूप उतरावा म्हणून."

मी खिडकीतून पाहत राहिले. तिच्या दारासमोरचा उजेड आधी गेला. मग शेजारचा. पुढे आरडाओरडा, कोणीतरी तिला आवरायला धावलं, आपापले कंदील कवटाळून बायका उभ्या. म्हातारी कोणाचं ऐकेना, घरातनं बादली आणली आणि सरळ पाणी ओतत सुटली. काळोख तिच्या मागोमाग गल्लीभर सरकत गेला. शेवटचा कंदील विझला तेव्हा एवेलियोचे दिवे पुन्हा समोर आले होते. मी त्याला एवढंच सांगितलं की दिसते ती एकच ओळ उजव्या हाताला ठेव. चाकं पट्टीला टेकली तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले, लाज कशाची?

एवेलियो उतरला तो गणवेशासकट नाला ओलांडून, कुंपणावरून उडी मारून आईकडे गेला, मागोमाग मीही. बक्षीस गेलं म्हणून गल्ली अजून तिला बोलत होती. त्याने काडेपेटी काढून पहिली मेणबत्ती पुन्हा पेटवायला घेतली, तर तिने त्याचा हात धरला. एकदा फुंकली ती फुंकली, म्हणाली. तो म्हणाला, "अगं, फुंकलीस म्हणून तर आलो." तिने मान हलवली, पण पटलं नाही ते मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचं उड्डाण होतं, तर बाई माझ्या खोलीत येऊन खुर्चीवर बसली. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक उड्डाणाला येते. मी वैतागते, चहासुद्धा विचारत नाही कधी कधी. एकदा म्हटलंच, चर्चमध्ये जाऊन बसा, इथे काय आहे?

"मेरीमातेकडे कुठल्या तोंडाने मागू आता?" दोन्या एतेल्विना म्हणाली. "तूच सांग, पोचला का तो?"