ओलेत्याने घेतलेली झडती

ती झडती मी अजून विसरलेले नाही. आमचे राज्य तेव्हा मद्रास या नावाचे होते आणि नागपट्टणमहून पलीकडच्या मुलखात बोटी जात असत.

मी अंमलदार नव्हते. माझे यजमान तंजावूरच्या एका ठाण्यात रायटर होते, म्हणजे ठाण्याचे सगळे लिहिणे त्यांच्याकडे. बाईची झडती बाईनेच घ्यायची असा नियम आहे. ठाण्याला कोणी बाई मिळेना, तेव्हा त्यांनी घरी येऊन मला विचारले. मराठी चार इयत्ता झालेल्या बाईला याहून दुसरे सरकारी काम मिळण्यासारखे नव्हते. पहिले वर्षभर मी कोणाच्या तोंडाकडे न पाहताच झडत्या घेतल्या. त्यामुळे हातांकडे पाहण्याची सवय लागली, आणि ती उपयोगी पडली. जिने काही लपवलेले नाही ती बाई आधी पदर सावरते. जिने लपवले आहे ती लगेच हात वर करून उभी राहते आणि म्हणते, बघा, काय बघायचे ते बघा.

त्या दिवशी नागपट्टणमचे कस्टम्सचे साहेब ठाण्यात आले होते. बंदरावर एका प्रवाशाच्या ट्रंकेत वाळवलेली पाखरे सापडली होती. निळ्या पंखांचा खंड्या, ज्याला इथे सगळे मीनकोत्ति म्हणतात, त्याची कातडी पिसांसकट सोलून वाळवलेली. बाहेरच्या देशांत त्या निळ्या पिसांचे दागिने करतात. पाखरे आणि पिसे बाहेर पाठवायला सरकारची बंदी होती. त्या प्रवाशाने तंजावूरचे एक घर सांगितले. माल तिथे जमतो, एवढीच खबर.

साहेब आमच्या इन्स्पेक्टरांना म्हणाले, "माझी बदली इथे झाली तेव्हा वेण्णार नदीच्या काठाने सायकलवरून जाताना तारेवर दर थोड्या अंतरावर एक खंड्या दिसायचा. आता सबंध फेरीत एखादा दिसला तर दिसला. धरणारे लोक गरीब आहेत, त्यांना पकडून काय होणार? जमवणारा सापडला पाहिजे."

घर राजवाड्यामागच्या गल्लीत, आमच्याच मराठी लोकांचे होते. कर्ता माणूस चाळिशीचा, कापडाच्या दुकानात कारकून. बायको माहेरी गेलेली. घरात त्याची विधवा आत्या होती. तिला दुसरे कोणी नव्हते. भाच्याच्या घरी स्वयंपाक करायचा आणि तिथेच राहायचे, असे तिचे चालले होते.

झडती घेणाऱ्याने आधी आपली झडती द्यायची असते, नाहीतर आम्हीच माल आणून ठेवला असे कोर्टात म्हणतात. इन्स्पेक्टरांनी खिसे उलटे करून दाखवले. मी माझी चंची उघडली. शेजारचे दोघे महजरला, म्हणजे पंचनाम्याला, साक्षीदार म्हणून बसवले. कॉन्स्टेबलांनी ओटी पाहिली, माळा पाहिला, विहिरीत गळ टाकून पाहिला. काही नाही. भाचा सगळ्यांना पाण्याचे विचारत होता.

मग स्वयंपाकघर उरले. दारात आत्याबाई उभ्या होत्या. बारीक चण, डोक्यावरून पदर.

"इथं कोणी यायचं नाही," त्या म्हणाल्या. "सोवळं आहे."

आत चुलीच्या वर छताला दोरीने टांगलेली वेळूची दांडी होती. त्यावर एक बोचके. श्राद्धपक्षाला लागणारी धाबळी आणि रेशमी मुकटे बांधून अशी वर ठेवायची रीत आमच्यात आहे. ती काठीने काढायची आणि काठीनेच ठेवायची. दोरीवरून मुंग्यांची रांग उतरत होती आणि सरळ बोचक्यात जात होती. मी ती पाहिली. इन्स्पेक्टरांनीही पाहिली. साहेबांनी तर चष्मा पुसून पाहिली.

पण हात कोणी लावायचा? इन्स्पेक्टर स्वतः वैष्णव. एवढ्यात गल्ली दारात जमली होती. म्हातारीचे सोवळे पोलिसांनी बाटवले, अशी बोंब उठली असती आणि आत काही निघाले नसते, तर अर्ज थेट कलेक्टरांकडे गेला असता. इन्स्पेक्टर हळूच मला तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, तुमच्यातली रीत तुम्हीच सांगा. काय करायचं?"

मी आत्याबाईंना विचारले, "आंघोळ करून ओलेत्याने शिवलं तर चालेल?"

"चालेल की," त्या म्हणाल्या. "कोणाची तू?"

मी माहेरचे आडनाव सांगितले. त्यांनी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिले.

भाचा मध्येच म्हणाला, "अत्या, ती पोलिसांची बाई आहे."

"अंगावर पाणी घेतल्यावर कसली पोलिसांची? आपल्यातलीच आहे. तू का एवढा घाबरतोस रे? माझ्या मुकट्यात काय सोनं आहे?" आणि मला म्हणाल्या, "मागल्या दारी विहीर आहे. केस भिजव हं, नाहीतर काय उपयोग."

त्यांनी स्वतः पोहरा भरून दिला. मी नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतले. पुरुष सगळे ओटीवर पाठ करून उभे राहिले. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईला साक्षीला दारात बसवले. आत्याबाईंनी काठी माझ्या हातात दिली. मी बोचके उतरवले आणि गाठ सोडली.

वर मुकटा होता. खाली धाबळीच्या घडीत पाखरे. पंख मिटलेली, हळद आणि राख चोळलेली, ओळीने नीट लावलेली. हळदीतूनही त्यांची निळाई लपत नव्हती.

साहेबांना हाक मारली. भाच्यालाही आत आणले. आत्याबाईंनी पाखरांकडे एकदाच पाहिले. मग भाच्याकडे वळून म्हणाल्या, "आंघोळ करून शिवलास काय?"

त्याने मान खाली घातली.

"मी काय विचारते आहे?"

तो खालीच पाहत राहिला. आत्याबाई भिंतीला धरून बसल्या.

शेजारणीचे कोरडे लुगडे नेसून मी आत्याबाईंना घेऊन जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, बसले. समोर भाचा आणि एक कॉन्स्टेबल. कॉन्स्टेबलला मराठी येत नव्हते आणि मला सगळे कळते आहे याचे भाच्याला त्या घाईत भान नव्हते. तो हळू आवाजात म्हणाला, "अत्या, बोचकं तुझं आहे. तुझं म्हणून सांग. म्हाताऱ्या बाईला कोणी आत घालत नाही. मी गेलो तर घराचं भाडं कोण देईल? तू कुठं जाशील?" त्या रस्त्याकडे पाहत होत्या.

ठाण्यात त्याने पहिल्याच प्रश्नाला सांगितले की बोचके आत्याचे, मला काही ठाऊक नाही. जटक्यातले बोलणे मी इन्स्पेक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "तो नाकबूल जाईल. म्हातारी काय म्हणते ते महत्त्वाचं."

म्हातारी म्हणाली, "माझंच बोचकं."

इन्स्पेक्टरांनी वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारले. उत्तर तेच. बाकावर त्या बसल्या नाहीत, पाण्याला हात लावला नाही. साहेब वैतागून म्हणाले, "ही असंच म्हणत राहिली तर मला हिलाच अटक करावी लागेल. खरा माणूस घरी जाऊन जेवेल."

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी जबाबाच्या वेळी कधी बोलत नसे. माझे यजमान लिहायला बसले होते. मी आत्याबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"अत्याबाई, बोचकं शेवटचं कधी सोडलंत?"

"आमच्या यजमानांच्या श्राद्धाला. महिना होऊन गेला."

"त्यानंतर पाखरं ठेवली?"

"हं."

"रोजचा नैवेद्य त्याच दांडीखाली करता ना?"

त्यांनी मान हलवली.

"मग हे असं लिहितील, की वर मेलेली पाखरं आहेत हे ठाऊक असून तुम्ही खाली देवाचा नैवेद्य केलात. लिहू द्यायचं?"

यजमानांनी टाक दौतीवर धरून ठेवला होता.

"ते लिहू नको," त्या म्हणाल्या.

"मग काय लिहू, बाई?" यजमानांनी विचारले.

"बोचकं माझं. पाखरं माझी नाहीत. मी सकाळी नदीला जाते तेव्हा घरात हाच असतो. परत आले की काठी कधी दाराकडे, कधी चुलीमागे. मी एकदा विचारलं. म्हणाला, मांजर आलं होतं. मांजर काठी उचलतं का, मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग त्या म्हणाल्या, "घर जाईल ते जाईल. पण हे मी देवापुढं कबूल करू शकत नाही."

हा जबाब वाचून दाखवल्यावर भाच्याचा धीर गेला. त्याने पाखरे कोण आणतो, बोटीवर कोण नेतो, सगळे सांगितले. साहेबांनी पुढे आणखी दोन ठिकाणी माल धरला.

खटला कोर्टात उभा राहिला तेव्हा आत्याबाई तिरुवैयारुहून बसने आल्या. घर सुटले होते. तिथे गाणे शिकवणाऱ्या एका कुटुंबात त्या स्वयंपाकाला राहिल्या होत्या, आणि कोठीच्या खोलीत झोपत होत्या. भाच्याच्या वकिलाने विचारले, "पोलिसांनी खायला-प्यायला घातलं, म्हणून भाच्याविरुद्ध बोलता ना?"

"पोलिसांच्या हातचं मी खात नाही, बाबा," त्या म्हणाल्या. मॅजिस्ट्रेटसुद्धा हसले.

भाच्याला शिक्षा झाली. त्याला घेऊन गेल्यावर त्या व्हरांड्यात माझ्याजवळ आल्या.

"त्याला जेवणाच्या शेवटी ताकभात लागतो. तिथं देतात का?"

मी जेल वॉर्डरला विचारून आले आणि सांगितले, "नाही देत."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बसची वेळ विचारून निघाल्या.

पुढच्या नोकरीत या झडतीचा मला उपयोग झाला. जबाब घेताना माणूस किती खोटे बोलतो हे सगळेच पाहतात. कोणते खोटे तो बोलू शकणार नाही, हे मी पाहू लागले. प्रत्येकाचे तसे एखादे असते. चोराचे असते, दारू गाळणाऱ्या बाईचेही असते. तिथे धाक लागत नाही. समोर लिहिणार काय आहे ते नीट सांगितले की पुरते. पण आत्याबाईंना तो प्रश्न मी विचारला तेव्हा उत्तराची किंमत कोण देणार हे मला माहीत होते. त्यांनाही माहीत होते. ठाण्याच्या छापील जबाबात साक्षीदाराचे राहण्याचे ठिकाण लिहायला पहिली ओळ असते. त्या दिवशी तिथे राजवाड्यामागच्या गल्लीतला पत्ता लिहिला होता. समन्स बजावायला कॉन्स्टेबल तिथे गेला तेव्हा दाराला कुलूप होते. पत्ता खोडून नवा लिहावा लागला, आणि तो यजमानांना मी सांगितला. कारण त्या कुठे गेल्या, हे ठाण्यात दुसऱ्या कोणी विचारले नव्हते.