ओसाकात अडकलेला डबा

गेल्या महिन्यात ऑफिस सुटल्यावर इथे तोआ पायोह भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, उसाच्या रसाच्या रांगेत उभी होते... तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ओसाकाहून.

आमची सई इथल्याच युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला आहे आणि सध्या इंटर्नशिपसाठी जपानमध्ये. पंप बनवणारी कंपनी, त्यातलं छोटंसं डिझाइन सेक्शन. जाताना इतकी खूश होती की एअरपोर्टवर मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी रडून घेतलं, नवऱ्याने टिश्यू पुरवले.

पण हल्ली रोज संध्याकाळी फोन यायचा. चेहरा पडलेला, उत्तरं एका शब्दात. त्या दिवशी मात्र सरळ म्हणाली, "आई, मी इंटर्नशिप सोडून परत येऊ का? मोरी-सान आता माझ्याशी बोलतच नाहीत."

मोरी-सान म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरच्या सीनियर बाई, साधारण माझ्याच वयाच्या. सई शाकाहारी आहे हे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्यासाठी घरून भोपळ्याची भाजी आणली होती, तीही तिकडे भाजीतसुद्धा घालतात तो माशाचा अर्क न घालता. मी इथे बसून त्या बाईंना मनातल्या मनात नमस्कार केला होता. परक्या गावात आपल्या पोरीला कोणी प्रेमाने खाऊ घालतंय, आणखी काय हवं...

आणि आता त्याच बाई सकाळी नुसती मान झुकवून कामाला लागायच्या. जेवणाच्या सुट्टीत गप्पा नाहीत, काही नाही. सईने ठरवूनच टाकलं होतं की आपलं एखादं ड्रॉइंग चुकलंय, सगळ्यांना ते माहीत आहे आणि कोणी तोंडावर सांगत नाहीये.

मी रांग सोडली आणि एका रिकाम्या टेबलाशी जाऊन बसले. शेवटचं नीट बोलणं कधी झालं, ते खोदून खोदून विचारलं.

"भोपळा दिला तेव्हा."

"मग डबा परत दिलास तेव्हा काय म्हणाल्या?"

सईने मागच्या कपाटाकडे वळून पाहिलं.

"डबा माझ्याकडेच आहे. रूमला किचन नाही ना, काही बनवताच येत नाही. एम्प्टी कसा देणार? तूच सांगतेस ना लहानपणापासून."

सांगते खरी मी! आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आंटींची ताटली आमच्याकडून कधी रिकामी गेलेली नाही. कधी शिरा, कधी पोहे, काहीच नसलं तर दोन केळी... आणि ती घेऊन जायचं काम कायम सईचं. आंटी तिला म्हणायच्या, "युअर मम्मी आह, प्लेट कॅनॉट कम बॅक एम्प्टी वन!" मला वाटायचं, पोरगी कंटाळून जाते. तिने ते असं मनावर घेतलं असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

"बरं, मग त्या स्वतः हल्ली जेवण कशात आणतात?" मी विचारलं.

"बिस्किटांच्या टिनमध्ये..." एवढं बोलून सई थांबली. तिने डोक्यावर हात मारला. "ओह नो, आई."

म्हणजे बाईंचा रोजचा जेवणाचा डबा आमच्या कन्येने स्वच्छ धुऊन कपाटात जपून ठेवला होता. त्या संकोचाने मागेनात आणि ही रिकामा देईना. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तुझ्या संस्कारांचं झाकण फारच घट्ट बसलंय."

फोन ठेवायच्या आधी मी तिला सांगितलं होतं, काही नसेल तर साखर घाल. आमच्याकडे चमचाभर साखर घालूनही भांडं परत जायचं. "जस्ट शुगर? सो वियर्ड लाह," म्हणाली. पण ऐकलं तिने. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉफी मशीनजवळच्या साखरेच्या पुड्या डब्यात भरल्या आणि डबा दोन्ही हातांनी मोरी-सानपुढे धरला.

बाईंनी झाकण उघडलं... साखरेच्या पुड्या बघून त्यांना काही कळेना. मग सईने मोडक्यातोडक्या जपानीत आणि थोड्या इंग्रजीत सगळं सांगितलं. किचन नाही, आईची शिकवण, समोरच्या आंटींची ताटली... सगळं.

मोरी-सान तोंडावर हात धरून हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले म्हणे. त्यांना वाटलं होतं, मुलीला भाजी आवडली नाही आणि आपण उगाच घरचं खाणं तिच्या गळ्यात मारलं. म्हणून त्याच लाजून गप्प झाल्या होत्या.

मग त्यांनी सांगितलं की त्यांची आईसुद्धा शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करत नसे. घरात काही नसलं तर आत काडेपेटी ठेवायची, नाहीतर कोऱ्या पांढऱ्या कागदाची घडी. आताच्या मुलींना हे माहीतही नाही, असं म्हणून त्यांनी त्या पुड्यांतली एक उघडून आपल्या चहात घातली.

हे ऐकलं आणि मी इथे किचनमध्ये खुर्ची ओढून बसले. माझी आई सांगलीची, त्यांची ओसाकाची... दोघींना एकमेकींचा देशसुद्धा नीट माहीत नसेल. आणि दोघींनी आपापल्या लेकींना एकच गोष्ट शिकवली. मला खूप भरून आलं.

परत येण्याचा विषय त्यानंतर निघालेला नाही. डबा आता दर दोन-तीन दिवसांनी इकडून तिकडे फिरतोय. सई दुकानातून आणलेली संत्री घालते, बाई भाजी घालतात, आणि मधल्या वेळात ड्रॉइंगमधल्या चुकाही दाखवतात. चुका खरंच होत्या म्हणे, पण छोट्या.

काल संध्याकाळी सईचा फोन आला नाही. मी दोनदा मोबाईल चार्जिंगवरून काढून पाहिला. मग एक फोटो आला... मोरी-सानच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसलेली सई, तोंडात घास, कॅमेऱ्याकडे लक्षही नाही.

लेकीचा फोन आला नाही म्हणून इतकं बरं वाटेल, हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ओसाकातल्या त्या माउलीचे मनापासून आभार.