शेवटचे दोन स्वर

आमच्या ताईच्या घरी गेलं की पंधराव्या मिनिटाला ती म्हणते, "चल, नीघ आता. मला वाजवायचंय." चहा अर्धा राहिला असला तरी. म्हणून मी तिच्याकडे बूट काढायच्या भानगडीत पडत नाही. मी तिचा धाकटा भाऊ, चोपन्न वर्षांचा, दोन मुलांचा बाप, पण तिच्या लेखी अजून पियानोखाली रांगणारा पोरगा. त्यात तिचं अगदीच चुकतं असंही नाही, कारण माझा अर्धा दिवस अजूनही पियानोखालीच जातो. मी पियानो सुरात लावायचं काम करतो. मी लावतो, ती वाजवते. दोघांपैकी एकानं तरी पोटापाण्याचं काहीतरी शिकावं, असं बाबा शेवटपर्यंत म्हणत होते.

ताई ज्या संस्थेत नोकरी करते तिथं ऑपेरा गाणारी तरुण पोरं तयार होतात. ऑपेरा म्हणजे अख्खं नाटक गाण्यात, आणि तेही माईक न लावता. साठ वाद्यं समोर वाजत असताना त्यांच्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. रोजच्या तालमीला साठ वादक कोण आणणार? म्हणून एक पियानो आणि एक ताई. साठ जणांचं काम ती दहा बोटांनी करते, आणि हे एकतीस वर्षं चाललंय. तिच्यासमोर घडलेली पोरं परदेशातल्या मोठमोठ्या रंगमंचांवर गातात. त्यांचे फोटो संस्थेच्या जिन्यात लागलेत आणि प्रत्येक फोटोखाली गाणं शिकवणाऱ्या सरांचं नाव आहे. ताईचं नाव शोधून सापडणार नाही. मी एकदा त्यावरून तणतणलो, तर मलाच म्हणाली, "घर रंगवणाऱ्याचं नाव दारावर लिहितात का? गप बस आणि तुझ्या तारा बघ."

गेलेली पोरं सुटीत येतात तेव्हा तिच्यासाठी फ्रिजवर लावायची चुंबकं आणतात. मनोरे, पूल, होड्या, किल्ले. तिच्या फ्रिजचं दार आता कुठल्या रंगाचं आहे ते दिसत नाही. उघडून बघाल तर आत दूध, अर्धं लिंबू आणि कालची भाजी. तिचं लग्न एकदा ठरलं होतं. माणूस बरा होता, फक्त संध्याकाळच्या तालमी बंद कर म्हणाला. ताईनं तालमी ठेवल्या. त्यानंतर आईनं दोनदा विषय काढला आणि दोनदा तोंडघशी पडली.

आता तिची एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. साथ करताना ताई गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या बरगड्यांकडे बघते. तो श्वास घेतो तेव्हा तीही घेते, तेवढाच, आणि त्याचा संपेपर्यंत आपला सोडत राहते. त्यामुळे कुठं थांबायचं, कुठं पुढं व्हायचं, हे तिला विचारावं लागत नाही. एकतीस वर्षांत ही खोड हाडात मुरलीये. फोनवर मी बोलायच्या आधी तिचा श्वास ऐकू येतो. माझी बायको म्हणते, "ताईंशी भांडताच येत नाही. आपण तोंड उघडायच्या आधीच त्या तयार असतात."

चार वर्षांपूर्वी संस्थेत एक मुलगी आली. बस चालवणाऱ्याची मुलगी, एकवीस वर्षांची, इतकी उंच की तालमीच्या खोलीच्या दारातून वाकून आत यायची. ताईनं पहिल्याच दिवशी तिचं नाव लांबडी ठेवलं. आवाज असा की मी पियानोचं झाकण उघडून बसलो होतो तर आतल्या तारा आपोआप गुणगुणायला लागल्या. बाकीची पोरं ताईला मॅडम म्हणायची. लांबडी तिसऱ्या महिन्यात मावशी म्हणायला लागली आणि ताईनं ते चालवून घेतलं. मग ती घरी जेवायला यायला लागली. मग ताईनं तिला घराची जास्तीची किल्ली दिली. ही किल्ली वीस वर्षं मी मागत होतो. फ्रिजमध्ये भाज्या दिसायला लागल्या. मी गेलो की दोघी ओट्याशी कसल्यातरी गोष्टीवर हसत असायच्या, आणि मला पाचव्याच मिनिटाला निघायला सांगितलं जायचं. खरं सांगतो, मला राग आला नाही. ताईला इतकं खुशीत मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

लांबडीचं एक मोठं गाणं होतं, तिच्या आवाजावर बेतल्यासारखं. परीक्षांना, स्पर्धांना ती तेच गायची. त्याची शेवटची ओळ लांबलचक, एका श्वासात गायची. मध्ये श्वास घेतला तर सगळाच विचका. लांबडीचा श्वास शेवटच्या दोन स्वरांआधी संपायचा. नेमके दोन. आणि ताईनं काय केलं, तर त्या ओळीत ती लयीत अगदी केसभर पुढं सरकायला लागली. पोरगी तिच्याबरोबर ओढली जायची आणि श्वास संपायच्या आत शेवट गाठायची. सरांना वाटलं, पोरीचा श्वास वाढला. लांबडीलाही तसंच वाटलं. ताईलासुद्धा आपण काय करतोय ते सुरुवातीला कळलं नव्हतं, असं ती म्हणते, आणि माझा त्यावर विश्वास आहे. समोरच्याचा श्वास संपायला आला की तिचा स्वतःचाच जीव गुदमरतो. ती दुसरं काय करणार?

मला मात्र कळलं होतं. मी तेव्हा पियानोखाली आडवा होऊन पेडल दुरुस्त करत होतो, तिचा पाय माझ्या नाकासमोर होता. लांबडी गेल्यावर मी म्हटलं, "ताई, शेवटच्या ओळीत घाई करतेस."

"धावत येणाऱ्याला गाडीत ओढून घ्यायला हात देतोच ना आपण?"

"रोज?"

"तू पेडल झालं का सांग." मी झालं म्हणून सांगितलं आणि विषय तिथंच सोडला. माझी चूक ती.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका मोठ्या ऑपेरा हाउसची माणसं निवड करायला आली. निवडलेल्यांना दोन वर्षं तिथं ठेवून घेणार, शिकवणार, रंगमंचावर उभं करणार. वय पंचविशीच्या आत हवं. लांबडी चोवीस पूर्ण होती. निवड दुसऱ्या शहरात होती आणि पियानोवर साथीला त्यांचाच माणूस होता. ताई सोबत म्हणून गेली आणि बंद दाराबाहेर बाकावर बसली.

त्या माणसानं गाणं कागदावर होतं तसं वाजवलं. ना कमी, ना जास्त. दाराबाहेर ताईनं लांबडीबरोबर श्वास घेतला. शेवटची ओळ सुरू झाली. दोन स्वर राहिले आणि आतला आवाज तुटला.

परतीच्या गाडीत लांबडी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मावशी, तो माणूस फार सावकाश वाजवत होता."

"हो," ताई म्हणाली. "सावकाशच होता."

त्या संध्याकाळी ती तडक माझ्या घरी आली. पायातले बूटही काढले नाहीत. बायको पाणी घेऊन आली तर तिच्याकडे न बघता ताई मला म्हणाली, "तो बरोबर वाजवत होता रे. मी तीन वर्षं चुकीचं वाजवलं. आणि वर तिच्याशी खोटं बोलले." मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो, पण तिनं आधीच श्वास घेतलेला ऐकला आणि बायकोच्या हातातला पेला घेऊन तिच्यापुढं धरला.

पंधरा दिवसांनी तिकडून पत्र आलं. आवाज आवडला, शेवटच्या ओळीत श्वास पुरला नाही, चार महिन्यांनी पुन्हा या. पाचव्या महिन्यात लांबडीला पंचवीस पूर्ण होणार होती. म्हणजे ही शेवटची संधी, हे सगळ्यांनाच कळलं. पोरगी उड्या मारत तालमीच्या खोलीत आली. मी पियानो लावत होतो. हत्यारं आवरून बाहेर पडायला लागलो, तर ताई म्हणाली, "थांब. तुलाही माहीत होतं."

मग तिनं लांबडीला सगळं सांगितलं. उभ्यानं, हात पाठीमागे बांधून, शाळेत चूक कबूल करताना उभं राहतात तशी. लांबडी आधी हसली. तिला ती चेष्टा वाटली. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली.

"म्हणजे तीन वर्षं ती ओळ मी गातच नव्हते?"

"गात होतीस. मी उचलत होते."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं उचलायला? मी गाडीत म्हटलं तेव्हा तरी सांगायचं होतंत!" तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. "मी त्या माणसाला शिव्या देत होते इतके दिवस." पिशवी उचलून ती गेली. ताईनं पियानोचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, आणि मला म्हणाली, "वरचा एक स्वर अजून उतरलेला आहे. बघ." मी बघितला. तो उतरलेला नव्हता.

आठवड्यानं लांबडी परत आली. ठरल्या वेळेला, दारातून वाकून. "मॅडम, सुरू करू या?" एवढंच म्हणाली.

ताईनं त्या दिवशी मला बोलावून पियानो फिरवून घेतला. आता ती लांबडीकडे पाठ करून बसायला लागली, बरगड्या दिसू नयेत म्हणून. पियानोवर तिनं ताल मोजणारं यंत्र ठेवलं, टिक टिक करणारं, आणि त्या टिकटिकीबाहेर एक बोट जाऊ दिलं नाही. शेवटच्या दोन स्वरांआधी पोरीचा श्वास संपायचा. ताई थांबायची नाही. ते दोन स्वर पियानो एकटाच वाजवायचा. मग ती म्हणायची, "पुन्हा." भिंतीकडे बघत. शाबासकी नाही, पाणी पी नाही, बस जरा नाही. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या ताईंचं काही बिनसलंय का?"

मी तिला घरी जाऊन विचारलं. ताट एकच होतं टेबलावर. ती म्हणाली, "तिकडं परकी माणसं साथ करणार आहेत. तिला परक्या माणसाबरोबर गायची सवय व्हायला हवी. इथं दुसरं परकं कुणी नाही, म्हणून मीच झाले." मग म्हणाली, "तिचा श्वास ऐकू येतो रे पाठीमागून. ऐकायचा आणि सोडून द्यायचा. इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं." एवढं बोलून तिनं मला निघायला सांगितलं.

दीड महिन्यानं पियानोला एकच स्वर एकट्यानं वाजवावा लागायला लागला. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी कोपऱ्यात दुसऱ्या पियानोची सुटी पट्टी घासत बसलो होतो आणि लांबडीनं ओळ पूर्ण गायली, शेवटच्या स्वरापर्यंत, त्या टिकटिकीबरोबर. तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला. मला ताईचा चेहरा दिसत होता, तिला दिसत नव्हता. ताईचे डोळे गच्च मिटलेले होते. "पुन्हा," ताई म्हणाली.

दुसऱ्या निवडीला लांबडी एकटी गेली. सोबत नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या फोनवर निरोप आला की तिला घेतलं. निघायच्या आधी ती सरांच्या गळ्यात पडून रडली आणि ताईला "येते मॅडम" म्हणाली. जिन्यात मी भेटलो तेव्हा तिनं खिशातून किल्ली काढली. "ही मावशींना द्या," म्हणाली. मी ताईला किल्ली दिली आणि मावशींना द्या म्हणाली हेही सांगितलं. ताई म्हणाली, "ठेव तिथं." किल्ली अजून फ्रिजवर तशीच पडून आहे.

गेल्या रविवारी दुपारी ताईचा फोन आला. "लॅपटॉपवर ते गाणं कसं लावतात? तिचा पहिला कार्यक्रम आहे." मी गेलो. लावून दिलं. मोठा रंगमंच, साठ वादक, आणि मधोमध आमची लांबडी, तिथं ती कुणाला फार उंच वाटत नव्हती. तेच गाणं. ताई खुर्चीच्या कडेला बसली होती, मांडीवर हात, बोटं हलत होती. ती पडद्यावरच्या तोंडाकडे बघत नव्हती, बरगड्यांकडेच बघत होती.

शेवटची ओळ आली. दोघींनी एकदमच श्वास घेतला. मी तो खोलीतही ऐकला. ओळ वर गेली, लांबत गेली, खाली आली. माझ्या शेजारी ताईचा श्वास संपला. दोन स्वर राहिले होते. ती तोंड उघडं ठेवून तशीच बसली, नवा श्वास न घेता, आणि पडद्यावर पोरगी गात राहिली. एक स्वर. दुसरा स्वर. मग टाळ्या सुरू झाल्या तेव्हा ताईनं धाप लागल्यासारखी हवा आत ओढली.

"पुरला," ती म्हणाली.

मी लॅपटॉप बंद केला, कप विसळून ठेवले. घड्याळात बघितलं तर पाऊण तास होऊन गेला होता आणि तिनं मला अजून हाकललं नव्हतं. मीच म्हटलं, "चल, निघतो मी. तुला वाजवायचं असेल."

"नाही," ताई म्हणाली. "बस ना जरा."

चोपन्न वर्षांत हे तिनं मला कधी म्हटलं नव्हतं. मी बूट काढले आणि बसलो.